शॉक बसल्यानंतर

आयसीडी हे हृदयाचं यंत्र बसवून माणूस घरी आला की भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. खर्च किती आला? बॅटरी किती वर्षं चालते? मोबाइल वापरता येतो का? चेकिंगला गेल्यावर डॉक्टर बॅटरी पाहतात, वायर पाहतात, टाक्यांची जागा पाहतात आणि पुढची तारीख देतात. रात्री झोप लागते का, घरात एकटं राहवतं का, हे विचारायचं राहून जातं. कुणी विचारलंच तर "तसं ठीक आहे" एवढ्यावर विषय मिटतो. या पुस्तकातल्या माणसांनी तो तिथे मिटू दिलेला नाही. हृदयरोग विभागात समुपदेशनाचं काम करताना मला जे तुकड्यातुकड्यांनी, दार लावून घेतल्यावर, हळू आवाजात ऐकायला मिळत आलं, ते इथे त्यांनी आपणहून सांगितलं आहे. त्याबद्दल आधी त्यांचे आभार.

आयसीडी आणि पेसमेकर यांतला फरक अनेक वाचकांना माहीत नसेल, आणि तो समजल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. पेसमेकर मंदावलेल्या हृदयासाठी असतो. ठोका पडायला उशीर झाला की तो विजेचा अगदी सूक्ष्म इशारा देतो. माणसाला तो जाणवतही नाही. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांना पहिला पेसमेकर बसवला गेला. शस्त्रक्रिया ऑके सेनिंग यांनी केली, यंत्र रुने एल्मक्विस्ट यांनी बनवलं होतं. ते काही तासांतच बंद पडलं. पण लार्सन पुढे वीसहून अधिक यंत्रं बदलत २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्याआधी गेले. पेसमेकर बसवलेल्यांनाही काळज्या असतात, पण बहुतेकांना काही महिन्यांनी यंत्राची आठवणही राहत नाही.

आयसीडीचं तसं नाही. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत अचानक बेफाम वेगाची लय सुरू झाली तर ती मोडणं हे त्याचं काम. आधी तो स्वतःच जलद ठोके देऊन ती लय मोडून पाहतो. त्यात वेदना नसते. तेवढ्यानं भागलं नाही तर काही सेकंदांत आतली वीज साठवून हृदयातून ३० ते ४० जूलपर्यंतचा शॉक देतो. त्या क्षणी व्होल्टेज सातशे-आठशेपर्यंत गेलेलं असतं. हृदय नुसतं फडफडत असेल तर तोवर माणसाची शुद्ध हरपलेली असते, त्याला काही कळत नाही. पण लय वेगवान असूनही रक्तदाब टिकून असेल, किंवा यंत्राचीच समजूत चुकली असेल, तर माणूस पूर्ण जागा असतो. छातीत आतून कुणी लाथ घातल्यासारखं होतं. तोंडातून किंकाळी निघते, हातातला कप उडतो आणि क्षणात सगळं संपतं. अंगावर खूण राहत नाही. तिथून पुढे जे सुरू होतं, ते या पुस्तकाचा विषय आहे.

हे यंत्र एका मृत्यूच्या दुःखातून आलं. मिशेल मिरोव्स्की १९२४ साली वॉर्सात जन्मले, दुसऱ्या महायुद्धातून एकटे वाचले, फ्रान्समध्ये वैद्यक शिकले आणि इस्राएलमध्ये काम करू लागले. तिथले त्यांचे गुरू हॅरी हेलर यांना हृदयाच्या वेगवान लयीचे झटके येत असत. १९६६ मध्ये ते त्यातच गेले. हेलर रुग्णालयात असते तर बाहेरून शॉक देऊन त्यांना वाचवता आलं असतं. पण जन्मभर रुग्णालयात कोण राहणार? मग शॉक देणारं यंत्रच माणसाबरोबर का असू नये, या विचारानं मिरोव्स्की १९६८ मध्ये बाल्टिमोरच्या सायनाय रुग्णालयात आले आणि मॉर्टन मॉवर यांच्या साथीनं कामाला लागले. मोठमोठ्या तज्ज्ञांनी कल्पना मोडीत काढली. कुत्रा कोसळतो आणि यंत्राच्या शॉकनंतर उठून उभा राहतो, अशी फिल्म त्यांनी दाखवली, तर कुत्र्याला पडायला शिकवलं असेल अशी शंका काढली गेली. अखेर ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिल्यांदा हे यंत्र माणसाला बसवलं गेलं. १९८५ मध्ये अमेरिकेत त्याला सरकारी मान्यता मिळाली. ज्यांचं हृदय दोनदा बंद पडूनही जे वाचले होते, अशांनाच सुरुवातीला ते मिळे. त्यासाठी छाती उघडावी लागे आणि जड डबी पोटात ठेवावी लागे. त्या काळात शॉक सोसणाऱ्याला काय वाटतं हा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही, याचा मला राग येत नाही. माणूस जगतो की नाही, एवढाच प्रश्न तेव्हा समोर होता.

पुढे चित्र बदललं. २००२ आणि २००५ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि ज्यांना अशा लयीचा एकदाही झटका आलेला नाही, फक्त हृदयाचं पंपिंग ३०-३५ टक्क्यांवर आलेलं आहे, अशांनाही आयसीडी बसवू लागले. जीव वाचवण्याच्या दृष्टीनं हे योग्यच झालं. पण मरणाच्या दारातून परत आलेला माणूस यंत्राकडे ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं हा दुसरा माणूस बघू शकत नाही. तो दम लागतो म्हणून चालत दवाखान्यात आलेला असतो. आपण अचानक जाऊ शकतो हे त्याला यंत्राची माहिती घेतानाच पहिल्यांदा कळतं. भीती आणि यंत्र एकाच दिवशी त्याच्या घरात येतात.

एका गृहस्थांची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. निवृत्त शिक्षक, वय साठीच्या पुढे. सकाळी आंघोळ करताना त्यांना लागोपाठ दोन शॉक बसले. आपलं हृदय आता गेलं, अशीच त्यांची खात्री झाली. चेकिंगमध्ये छातीवर प्रोग्रामर या उपकरणाची चकती ठेवून यंत्रातला त्या वेळचा आलेख कागदावर काढला. हृदयाचे ठोके अगदी शिस्तीत पडत होते. त्यांच्यावर बारीक, दाट, एकसारख्या लाटांचा थर होता. ती घरातल्या विजेची ५० हर्ट्झची लाट. गिझरचं अर्थिंग बिघडलं होतं आणि पाण्यातून आलेला करंट यंत्राला हृदयाची फडफड वाटला होता. नळाला हात लावला की मुंग्या येत, हे त्यांना मागाहून आठवलं. इलेक्ट्रिशियननं अर्थिंग नीट केलं, गिझर बदलला. वैद्यकीय बाजूनं प्रकरण मिटलं.

काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "हे अजून बाथरूमची कडी लावत नाहीत हो. स्टुलावर बसून चार तांबे घेतात की झाली आंघोळ. मी बाहेर खुर्ची टाकून बसते आणि सारखी हाक मारते." सरांना कारण कळलं नव्हतं असं मुळीच नाही. तो आलेख ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत असत. पण बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला की त्यांचे हात गार पडत.

मला या प्रस्तावनेत जे सांगायचं आहे ते या उदाहरणात आहे. शॉकची भीती ही मनाची दुबळीक नाही. शरीरानं एका क्षणात धडा घेतलेला असतो, आणि तो धडा माहितीनं पुसला जात नाही. आधी बाथरूम नकोशी होते, मग ओली फरशी, मग सकाळची ती वेळ, मग जिना, मग भरभर चालणं, कारण छातीत धडधड झाली की यंत्र चवताळेल असं वाटतं. माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि सोडल्यामुळे शॉक बसला नाही अशी समजूत घट्ट होत जाते. अशा माणसाला "मन खंबीर ठेवा" म्हणणं म्हणजे त्याला एकटं सोडणं आहे. सरांना उपयोग झाला तो पायरीपायरीनं त्याच बाथरूममध्ये परत जाण्याचा. आधी कोरड्या बाथरूममध्ये दार लोटून नुसतं बसायचं, श्वास संथ ठेवायचा. मग फक्त हातपाय धुवायचे. मग दार लोटून आंघोळ, मग कडी लावून, पत्नी स्वयंपाकघरात असताना, आणि शेवटी त्या भाजी आणायला गेलेल्या असताना. यात कित्येक आठवडे गेले. मधे दोनदा ते मागे फिरले.

वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र पाहिले तर आयसीडी बसवलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला उपचार लागावेत इतकी चिंता किंवा नैराश्य असतं. वय कमी असेल, शॉक लागोपाठ बसले असतील किंवा आधीपासून चिंतेचा त्रास असेल तर शक्यता वाढते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल सीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शॉकच्या भीतीसाठी दहा विधानांची एक छोटी प्रश्नावली तयार केली आहे. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा आमच्या ओपीडीतल्या बाकावरची माणसंच बोलताहेत असं मला वाटलं. राग आला तर शॉक बसेल म्हणून गप्प राहणं. चारचौघांत शॉक बसून तमाशा होईल या भीतीनं लग्नकार्य टाळणं. पतिपत्नींनी जवळ येणं थांबवणं. नातवाला मांडीवर न घेणं, का तर आपल्यातला करंट त्याला लागेल. शॉकच्या क्षणी कुणी अंगाला हात लावलेला असेल तर त्याला फार तर हलकीशी झिणझिणी जाणवते, इजा होत नाही. हे एक वाक्य वेळेवर सांगितलं असतं तर कितीतरी आजोबांच्या मांड्या रिकाम्या राहिल्या नसत्या.

काहींना न बसलेला शॉक बसतो. बहुधा रात्री, डोळा लागता लागता. माणूस दचकून उठतो, घरचे घाबरतात, सकाळी दवाखाना गाठला जातो, आणि यंत्रात काहीच नोंद सापडत नाही. या प्रसंगी समोरचा टेक्निशियन किंवा डॉक्टर काय बोलतो यावर फार काही अवलंबून असतं. "तुम्हाला भास झाला" म्हटलं की माणूस ओशाळतो आणि पुढच्या वेळी खरा शॉकही लपवतो. "तुम्हाला जाणवलं ते खरं, पण यंत्रानं शॉक दिलेला नाही, हृदय रात्रभर शांत होतं" असं म्हणून कागद हातात दिला तर तोच माणूस निवांत घरी जातो.

मनाच्या उपचाराची सुरुवात यंत्राच्या सेटिंगपासून होते, हे मला या क्षेत्रात आल्यावरच कळलं. पूर्वी यंत्रं थोडा वेग वाढला की लगेच हस्तक्षेप करत. २०१२ मध्ये माडिट-आरआयटी या चाचणीनं दाखवलं की वेगाची मर्यादा वर नेली किंवा शॉकआधी जरा थांबायला लावलं, तर अनावश्यक उपचार खूप घटतात आणि मृत्यूही कमी होतात. म्हणजे शॉक बसल्यावर रुग्णानं "माझं सेटिंग एकदा बघाल का?" असं विचारणं उद्धटपणा नाही. औषधांचंही तसंच. चिंता-नैराश्यावरची काही औषधं हृदयाच्या विद्युत चक्रातला क्यूटी हा काळ लांबवतात, आणि काही हृदयविकारांत ते धोक्याचं ठरतं. म्हणून मनोविकारतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांचं आपसात बोलणं व्हायला हवं. आपल्याकडे दोघांच्या फायली वेगळ्या पिशव्यांत असतात.

व्यायामाच्या भीतीबद्दल बोलताना मी हल्ली फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सनचं नाव घेते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड सामन्यात तो मैदानावर कोसळला, त्याला आयसीडी बसवला गेला. इटलीच्या नियमांमुळे तिथल्या लीगमध्ये त्याला खेळता येईना. तो इंग्लंडमध्ये गेला आणि २०२२ मध्ये पुन्हा मैदानात उतरला. त्याच्याभोवती तज्ज्ञांचा ताफा होता, आपल्या माणसाभोवती तो नसतो, हे मला मान्य आहे. सगळ्यांनी फुटबॉल खेळावा असंही नाही. पण यंत्र असतानाही हृदयाचा वेग वाढू शकतो आणि माणूस सुखरूप असू शकतो, हे डोळ्यांनी बघितलेलं असलं की सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारायला धीर येतो.

या पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग बायकांच्या मनोगतांचा आहे. दोन्ही अर्थांनी: ज्यांच्या नवऱ्यांना यंत्र आहे त्या, आणि ज्यांना स्वतःला आहे त्या. पहिल्या गटातल्या बहुतेक जणी रात्री उठून नवऱ्याच्या नाकाशी हात धरून बघतात. त्याला कळू नये म्हणून पांघरूण सारखं केल्याचं निमित्त करतात. घरात "त्यांना काही बोलू नका" असा नियम होतो. मुलांचे मार्क, थकलेला हप्ता, भावकीतला वाद, सगळं त्या पुरुषाच्या पाठीमागे चालतं. तो आजारी नसतानाही घरातून हळूहळू वजा होतो, आणि हे त्याला कळत असतं.

दुसऱ्या गटाचं दुःख वेगळं. गळ्याच्या हाडाखालचा उंचवटा ब्लाऊजमधून दिसतो, पट्टा नेमका तिथे काचतो. तरुण मुलींना हे यंत्र बहुतेकदा लाँग क्यूटी किंवा हृदयाचा स्नायू जाड होण्यासारख्या आनुवंशिक विकारासाठी बसतं. मग स्थळ आल्यावर सांगायचं की लपवायचं, हा घरातला सगळ्यात मोठा वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे: लपवून केलेल्या लग्नात त्या मुलीला पहिल्या दिवसापासून दोन भीती सांभाळाव्या लागतात. यंत्र जरा खोल, छातीच्या खाली किंवा कुशीत बसवण्याचे पर्याय असतात. शस्त्रक्रियेआधी ते विचारावेत. टाके पडल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

पैशाविषयी आपले लोक मोकळेपणानं बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. आयसीडीची किंमत लाखांत असते. कुणाचा जमिनीचा तुकडा जातो, कुणाचे लेकीसाठी ठेवलेले दागिने. "माझ्यापायी घर बसलं" हे वाक्य मी शॉकच्या भीतीइतकंच वारंवार ऐकते, आणि त्याला समुपदेशनात सोपं उत्तर नाही. त्यात बॅटरी संपत आली की ती रक्कम पुन्हा उभी करायची असते. "बॅटरी संपली की मी संपलो" असं मानून दिवस मोजणारेही भेटतात. खरं तर यंत्र काही महिने आधीच बदलण्याची सूचना देतं. २०१२ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयातला एक अनुभव प्रसिद्ध झाला. अमेरिकेत रुग्णांच्या शरीरातून काढलेले, पण बॅटरी शिल्लक असलेले आयसीडी निर्जंतुक करून इथल्या ८१ गरजू रुग्णांना बसवले होते, आणि त्या यंत्रांनी अनेकदा प्राणघातक लयी मोडल्या. दुसऱ्याच्या छातीतलं यंत्र आपल्या छातीत, या विचारानं कुणी बिचकेल असं वाटतं. पण ज्याला नवं परवडणारच नव्हतं, त्याच्या दृष्टीनं तो नुसता मिळालेला श्वास असतो.

शेवटच्या आजारपणाबद्दलचं प्रकरण अनेकांना नकोसं वाटेल. तरी ते वाचावं. कर्करोगानं किंवा वार्धक्यानं माणूस जात असताना हृदयाची लय बिघडतेच, आणि यंत्र आपलं काम करत राहिलं तर अखेरच्या तासांत शॉक बसत राहू शकतात. ते टाळता येतं. शॉक देण्याचं काम प्रोग्रामरनं बंद करता येतं. पेसमेकरचं काम चालूच राहतं आणि माणूस त्या क्षणी मरत नाही. तातडीच्या वेळी छातीवर विशिष्ट चुंबक ठेवूनही बहुतेक यंत्रांचे शॉक थांबतात. अमेरिकेतल्या हार्ट ऱ्हिदम सोसायटीनं २०१० मध्येच याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं आणि हे बोलणं लवकर, रुग्ण शुद्धीत असताना व्हावं असं सांगितलं. आपल्याकडे "असं अभद्र बोलू नये" म्हणून ते टळतं आणि निर्णय रात्री दोन वाजता, आयसीयूच्या दाराशी, मुलावर येऊन पडतो. अग्निसंस्काराआधी यंत्र काढून घ्यावं लागतं, कारण उष्णतेनं बॅटरीचा स्फोट होतो. हेही घरातल्या एकाला तरी माहीत हवं.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची सक्ती नाही. शस्त्रक्रिया व्हायची असेल तर तरुण मुलींची मनोगतं आणि खर्चाचं प्रकरण आधी वाचा. शॉक बसून गेला असेल तर सरळ बाथरूमच्या गोष्टीसारखे अनुभव जिथे आहेत तिथे जा. घरच्यांनी आपला भाग स्वतंत्र वाचावा आणि मग रुग्णाशी बोलावं. शॉक बसल्यावर काय करायचं ते स्वयंपाकघरात सगळ्यांना दिसेल असं लिहून लावा: एकच शॉक बसला आणि नंतर बरं वाटतंय, तर बसायचं, पाणी प्यायचं, दवाखान्यात फोन करून लवकरात लवकर दाखवायचं. लागोपाठ दोन किंवा जास्त शॉक बसले, किंवा एका शॉकनंतर चक्कर, छातीत दुखणं, दम असं काही वाटलं, तर वाट न बघता १०८ ला फोन करायचा. पुढच्या चेकिंगला जाल तेव्हा बॅटरीबरोबर आलेखही दाखवायला सांगा, आणि डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं नाही तर उठण्याआधी तो विषय आपणच काढा.